मिरज प्रमाण

स्त्रीदेहाच्या सर्वांत खाजगी भागाला मानवजातीच्या इतिहासात प्रथमच एक निश्चित, वैज्ञानिक आणि सर्वमान्य प्रमाण मिळालं, ते मिरजेत. एके काळी लांबीसाठी धातूची पट्टी होती, वजनासाठी धातूचा गोळा होता, तसंच हे. पट्टी आणि गोळा काचेखाली, कुलपात, थंड खोलीत जपून ठेवलेले असत. मिरजेचं प्रमाण मात्र नोव्हेंबरच्या उन्हात, सांगलीतल्या एका मुलींच्या शाळेच्या मैदानावर, पांढरी पँट घालून उभं होतं. आणि शिट्टी फुंकली की त्याला गळती लागत होती.

प्रमाणाचं नाव चारुशीला आरवाडे, वय एक्कावन्न. खो-खोची प्रशिक्षक आणि पंच.

पहिल्या शिट्टीला तिला वाटलं, घाम असेल. दुसऱ्या शिट्टीला घामाची शक्यता मावळली. तिसऱ्यांदा खांबापाशी उघडउघड फाऊल झाला, तेव्हा तिनं शिट्टी तोंडातून काढली आणि हात वर करून नुसतीच ओरडली, "फाऊल!"

"मॅडम, शिट्टी बिघडली काय?" चौकोनात बसलेल्या एकीनं विचारलं.

"तुमचा खेळ बघून तिचा जीव गेला. खेळा गुपचूप."

ओरडल्यावरही तेच झालं. तिनं जाकीट कमरेला बांधलं आणि उरलेला सामना मांड्या आवळून, हातवारे करून संपवला. मुलींना वाटलं, मॅडम आज रागावल्यात. त्या नेहमीपेक्षा चांगल्या खेळल्या.

खरी अडचण जानेवारीत होती. राज्य अजिंक्यपदाच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याला मुख्य पंच म्हणून चारुशीलेचं नाव लागलं होतं. त्या खुर्चीपर्यंत आजवर एकही बाई पोचली नव्हती. तिथवर यायला तिला पंचवीस वर्षं लागली होती. त्यातली दहा, "तुम्ही महिलांचे सामने बघा ना" हे वाक्य ऐकण्यात गेली होती. नियमावलीप्रमाणे मुख्य पंचाला शिट्टी सक्तीची आणि गणवेश पांढराशुभ्र. रंग निवडणाऱ्या समितीत किती बायका होत्या, हे विचारण्यात अर्थ नाही.

तिचं दुखणं जुनं होतं. मुलगा झाला तेव्हा चिमटा लावून ओढून काढावा लागला. मुलगा सुखरूप निघाला, पुढे इंजिनियर झाला, बंगळुरात राहू लागला. आईचे ओटीपोटाखालचे स्नायू मात्र त्या दिवशी जे फाटले, ते घाईघाईत टाके घालून झाकले गेले, जुळवले गेले नाहीत. शिंक आली की थेंब, उडी मारली की थेंब. चाळिशीत अंग बाहेर येऊ लागलं. तिच्या आईच्या पिढीत बायका असं अंग घेऊन तीस तीस वर्षं भाकऱ्या थापत, आणि डॉक्टरकडे गेल्या तरी गुडघा दाखवून परत येत.

नऊ वर्षांपूर्वी मिरजेच्या रुग्णालयात डॉ. निशिकांत बेडगकर यांनी नवं तंत्र आणलं. चारुशीला त्यांची पहिली रुग्ण; तिचं काम त्यांनी अजून स्वतःच्या हातानं केलं, आणि तिची गळती थांबली.

तंत्र समजायला सोपं होतं. बाईच्याच शरीरातून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा. त्यातल्या स्नायूच्या आणि त्वचेच्या पेशी वेगळ्या करायच्या, कोमट पोषक रसात वाढवायच्या आणि विरघळणाऱ्या एका नाजूक जाळीवर पसरायच्या. वेल मांडवावर चढावा तशा पेशी जाळीवर चढतात. काही आठवड्यांनी जाळी विरते, मांडव जातो, वेल तेवढा राहतो. हे नवं ऊतक बाईचंच असल्यामुळे शरीर त्याला परकं मानत नाही. मग यंत्राचा हात केसाहून बारीक सुईनं ते आत बसवतो, थरावर थर. प्रसूतीत फाटलेलं शिवता येतं, सैल पडलेलं आधारता येतं, आणि ज्या मुलींना जन्मतःच योनिमार्ग नसतो त्यांना तो तयार करून देता येतो. हे सगळं खरोखर थोर होतं, यात शंका नाही.

घोटाळा एका प्रश्नात होता. शिवायला बसण्याआधी यंत्र विचारायचं, "कसं असायला हवं?"

माणूस शल्यचिकित्सक हा प्रश्न कधी विचारत नसे. तो बघायचा, बोटानं चाचपायचा, टाका घालायचा, मान तिरकी करून म्हणायचा, "बरं दिसतंय, बास." यंत्राला "बरं दिसतंय" कळत नव्हतं. म्हणून आधी हजार बायकांची सरासरी काढून पाहिली. पण बायकांच्या या भागात जेवढं वैविध्य असतं तेवढं कानांतही नसतं. त्या हजारांतून निघालेला आकार कुणाचाच नव्हता, आणि पडद्यावर त्याला खोकायला लावलं तेव्हा तो पहिल्याच खोकल्याला फाटला. हलणाऱ्या गोष्टींची सरासरी हलत नाही, हे तज्ज्ञांच्या ध्यानात आलं. मग ठरलं की प्रमाण म्हणून एक जिवंत बाई घ्यायची, खोकणारी, हसणारी. तिचं चित्रण दर वेळी नव्यानं घ्यायचं, म्हणजे प्रमाण जिवंत राहील.

कुठली बाई, यावर तज्ज्ञांच्या समितीत दोन दिवस वाद झाला. शेवटी जिचं चित्रण सगळ्यांत स्पष्ट आहे ती, असं ठरलं. ते चारुशीलेचं होतं. कारण शास्त्रीय होतं. तंत्रज्ञानं तिला यंत्रात झोपवून "हलू नका" असं बजावलं आणि तो कुणाच्या तरी निरोपसमारंभाच्या जेवणाला गेला, तो तिला विसरलाच. दुसरी कुणी असती तर उठून भांडली असती. चारुशीला खो-खोची. मागून कुणी "खो" दिल्याशिवाय चौकोनातून उठायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. जेवण, पान आणि भाषणं होईपर्यंत ती निपचित पडून राहिली. तेवढा वेळ यंत्र तिला टिपत राहिलं. जगात इतकी स्पष्ट नोंद दुसऱ्या कुठल्याच बाईची नव्हती.

तिचा रुग्णालयानं सत्कार केला, बंद खोलीत. शाल, श्रीफळ आणि चौकटीतलं मानपत्र. त्यावर "वैद्यकशास्त्रातील उल्लेखनीय योगदानाबद्दल" एवढंच होतं. तिच्या नवऱ्यानं, महावीरनं, ते दिवाणखान्यात लावलं. कशाबद्दल असं पाहुण्यांनी विचारलं की तो म्हणे, "खो-खोबद्दल."

त्यानंतर जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. यंत्र दुखणाईत बायकांसाठी बनलं, पण पडद्यावर आकडा दाखवायचं. तुमचं विचलन किती. मिरज प्रमाणापासून तुम्ही किती दूर. आणि एकदा आकडा आला की ज्यांना काही झालं नव्हतं त्यांनाही काहीतरी झालं. शहरात चौकाचौकात केंद्रं निघाली. "तुम्ही प्रमाण आहात का?" असे फलक लागले. लग्नाआधी मेंदी, फेशियल आणि मोजणी. ओठ जरा लांब म्हणून काप, जरा आखूड म्हणून भर. जन्मभर स्वतःच्या त्या भागाकडे न पाहिलेल्या बायका विचलन सातवरून तीनवर आणण्यासाठी झुरू लागल्या.

मग सरकारनं कायदा केला. विचलन दहाच्या खाली असेल तर चाकू लावायचा नाही, ना यंत्रानं ना हातानं. लावला तर डॉक्टरला तुरुंग. कायदा चांगला होता. वाईट कायद्यातून पळवाट निघते. चांगल्या कायद्यात माणूस अडकतो.

"परत सुरू झालं?" त्या संध्याकाळी महावीरनं विचारलं. तो वीज मंडळात होता आणि कुठेही गळती म्हटली की गंभीर व्हायचा.

"हं."

"पण तू तर—"

"प्रमाण आहे. माहितीय मला."

"तसं नाही गं. म्हणजे गॅरंटी असेल ना काहीतरी?"

"मी काय मिक्सर आहे?"

गेली तीन वर्षं महावीर या विषयावर बहुतेक गप्पच असायचा. कचेरीतल्या तिघांनी डबा खाताना आपापल्या बायका "प्रमाण" करून आणल्याचं सांगितल्यापासून तो डबा एकटाच खात होता.

डॉ. बेडगकर आता साठीला आले होते. त्यांचं नाव तंत्राला लागलं होतं आणि त्याच तंत्रानं त्यांना बेकार केलं होतं. ते यंत्राशेजारी स्टुलावर बसून असत. त्यांनी चारुशीलेला आत झोपवलं. यंत्रानं तिला खोकायला लावलं, हसायला लावलं, जोर करायला लावलं. व्हायचं ते झालं, चादर ओली झाली. पडद्यावर उत्तर आलं:

*विचलन ०.०. दुरुस्तीची आवश्यकता नाही. अभिनंदन.*

"डॉक्टर, चादर बघा," चारुशीला म्हणाली.

"बघितली."

"मग?"

"आरवाडे मॅडम, जाळीवर वाढवलेलं ऊतक सैल पडलंय. मला दिसतंय, तुम्हाला कळतंय, चादरीलाही कळलंय. पण यंत्र तुम्हाला कुणाशी ताडून बघणार? प्रमाणाशी. प्रमाण कोण?"

"मी."

"तुम्ही सैल झालात, प्रमाण सैल झालं. दोघांतला फरक शून्य."

"मग यंत्र राहू दे बाजूला. तुम्ही हातानं करा."

डॉक्टरांनी आपले हात पुढे धरून पाहिले. जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. "विचलन शून्य असताना हात लावला तर मी आत जाईन. आणि खरं सांगू? सात वर्षं मी फक्त हिरवं बटण दाबतोय. त्यातही गेल्या महिन्यात एकदा लाल दाबलं."

चारुशीला कपडे घालून परत आली. डॉक्टर स्टुलावरच होते. त्यांचा चेहरा वेगळा झाला होता.

"एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "हे चित्रण घेतलं ना आत्ता, ते माझ्याकडे थांबत नाही. वर जातं."

"वर म्हणजे?"

"सगळीकडे."

याचा अर्थ तिसऱ्या दिवशी तिच्या दारात उभा राहिला. उज्ज्वलाताई. महावीरची थोरली बहीण, चौगुल्यांच्या घरात दिलेली, राहणार विश्रामबाग. माहेरी येताना त्या सोबत नेहमी एक पिशवी आणि एक तक्रार आणत. आज पिशवी नव्हती.

उज्ज्वलाताईंनी दोन वर्षांपूर्वी "करून घेतलं" होतं. त्यांचं विचलन तेव्हा नियमात बसलं, आणि करून घेतल्यावर शून्य पूर्णांक तीनवर आलं. हा आकडा त्यांनी सगळ्या भिशीत सांगितला होता. चारुशीलेलाही सांगितला होता, वर "तूसुद्धा घे गं करून, बाईनं स्वतःकडे बघावं जरा" असंही म्हणाल्या होत्या. चारुशीलेनं तेव्हा चहात साखर जास्त टाकली होती, बाकी काही केलं नव्हतं.

"हे बघ, हे बघ काय आलंय!" त्यांनी फोन तिच्या नाकापुढे धरला. "म्हणे तुमचं विचलन चौदा! म्हणे जवळच्या केंद्रात येऊन सैल करून घ्या! सैल! भिशीतल्या अकराही जणींना आलंय. ती शोभा तर जाऊन तारीखपण घेऊन आली. मी म्हटलं थांब, आधी आमच्या चारूला विचारते, तिची त्या बेडगकर डॉक्टरांशी ओळख आहे."

चारुशीलेच्या डोळ्यांसमोर भिशी नव्हती. देशभरातली केंद्रं होती, त्यांत रांगा होत्या, आणि रांगेतली प्रत्येक धडधाकट बाई तिच्यासारखी गळकी होण्यासाठी आपला नंबर कधी येतो ते बघत होती.

"ताई, बसा. तुम्हाला एक सांगायचंय."

तिनं सांगितलं. मानपत्राकडे बोट दाखवून सांगितलं. उज्ज्वलाताईंना समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा हात आपोआप पदराकडे गेला आणि त्यांनी तो मांडीवर ओढून घेतला.

"म्हणजे दोन वर्षं मी तुझं घेऊन फिरतेय?"

"तसं नाही ताई. आकार फक्त—"

"अगं, आयुष्यात कधी कुणाची साडी उसनी नेसले नाही मी!"

आतल्या खोलीत महावीर होता. तो बाहेर आला नाही. त्या दिवशी त्यानं दाखवलेला हा एकमेव शहाणपणा.

दुसऱ्या दिवशी चारुशीला डॉक्टरांकडे गेली ती ठरवूनच. "माझं नाव काढून टाका," ती म्हणाली. "मला प्रमाण व्हायचं नाही. काढा आणि मग मला दुरुस्त करा."

"काढता येतं," डॉक्टर म्हणाले. "तुमचा हक्कच आहे. आज तुम्ही सांगितलंत की आज रात्रीपासून देशातलं प्रत्येक यंत्र बंद. नवं प्रमाण निवडायला समिती बसेल. मागची दोन दिवसांत उठली, कारण तेव्हा कुणाला त्यात रस नव्हता. आता प्रत्येक राज्याला आपलीच बाई हवी आहे. दीड-दोन वर्षं धरा."

"जाऊ देत की बंद. लोक तरी सुटतील."

डॉक्टरांनी दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं. बाकावर रेणुका बसली होती.

चारुशीलेनं तिला ओळखलं आणि ती बाहेर गेली. रेणुका तिच्याच संघातली, बारा वर्षांपूर्वीची, बिजलीसारखी पळायची. लग्न होऊन शिराळ्याच्या वरच्या अंगाला गेली. बाळंतपणात रुग्णवाहिका घाटात अडकली. दोन दिवस कळा, मूल आतच गेलं. इतका वेळ बाळाचं डोकं दाबून बसल्यामुळे मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामधली भिंत कुजून तिला भोक पडलं होतं. तेव्हापासून लघवी थांबतच नव्हती. सासरच्यांनी महिन्याभरात माहेरी पोचवली, वास येतो म्हणून. बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना माणसं होती आणि दोन्ही बाजूंना एकेक जागा मोकळी होती.

"मॅडम!" रेणुका उठली. पुढे आली नाही, लांबच थांबली. "तुम्ही इथं कशा?"

"तपासायला. शिट्टी फुंकली की होतं गं थोडं."

"तुम्हाला शिट्टी फुंकल्यावर होतं." रेणुका हसली. तिचं हसणं जुनंच होतं, खांबाला वळसा घालतानाचं. "मला श्वास घेतला तरी होतं. पण आता झालंच, मॅडम. पुढच्या सोमवारी माझी तारीख आहे. यंत्र नवी भिंत घालून देणार म्हणे, माझ्याच मांसाची. दोन वर्षं वाट बघतेय. काही झालं तरी आता सोमवार चुकत नाही."

चारुशीला आत आली आणि दार लावलं.

"काही काढू नका माझं नाव," ती म्हणाली.

"मला वाटलंच."

"पण हिची भिंत तुम्ही कुठल्या प्रमाणावर घालणार? माझ्या?"

"तुमच्या. आत्ताच्या."

"म्हणजे भोक बुजेल आणि गळत राहील."

सात वर्षांत डॉक्टर हात विसरले होते, मान खाली घालणं विसरले नव्हते.

मार्ग चारुशीलेला सापडला. आपल्या पंचगिरीत तिनं नाव बदलून खेळणारे पुष्कळ खेळाडू पकडले होते, त्यामुळे ही युक्ती तिला आतून माहीत होती. यंत्र बाईला ओळखायचं मनगटावरच्या पट्टीवरून. पट्टी बांधायची सिस्टर. समजा, चारुशीला आरवाडे या नावाची पट्टी उज्ज्वलाताईंच्या हाताला बांधली. उज्ज्वलाताई म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं, घट्ट, निरोगी मिरज प्रमाण. त्यांचं चित्रण प्रमाण म्हणून वर जाईल. सगळ्या बायका पुन्हा नियमात. सैल करण्याच्या तारखा रद्द. रेणुकाची भिंत पक्की. आणि उज्ज्वला चौगुले या नावाची पट्टी बांधून चारुशीला आत गेली की तिचं विचलन येईल चौदा. दहाच्या वर. कायदेशीर. हिरवं बटण.

"हे मी ऐकलेलं नाही," डॉ. बेडगकर म्हणाले. "शुक्रवारी दुपारी मी चहाला जातो. बराच वेळ जातो. पण एकदाच हं. महिन्यात दोनदा प्रमाण हललं की दिल्लीत घंटा वाजते. तिसऱ्यांदा हललं की माणूस येतो."

उज्ज्वलाताईंना पटवायला चारुशीला विश्रामबागेला गेली. जाताना पेढे नेले, कारण रिकाम्या हातानं गेलं असतं तर तोच विषय पुरला असता.

"म्हणजे मी तुझं नाव लावून झोपायचं?"

"एकदाच, ताई."

"आणि मग सगळ्या देशाच्या बायकांना माझ्याशी ताडून बघणार?"

"हो."

उज्ज्वलाताईंनी पेढा मोडला. अर्धा तोंडात टाकला. "शोभालासुद्धा?"

"शोभाताईंनासुद्धा."

"बाई गं," उज्ज्वलाताई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या ट्रस्टवर नेमणूक झाल्यासारखं गांभीर्य आलं. "आता तुझ्यासाठी म्हणून करते हो. जानेवारीत महावीरचं नाव पेपरात येईल ना? पंचाचे यजमान म्हणून?"

"येईल की."

शुक्रवारी दुपारी डॉक्टर चहाला गेले. सिस्टरनं पट्ट्या बांधल्या. उज्ज्वलाताई नऊवारी नेसून आल्या होत्या. ती सोडून रुग्णालयाचा झगा घालावा लागला तेव्हा त्यांचा थोडा विरस झाला, पण यंत्रात झोपताना त्यांनी हात जोडले. यंत्र म्हणालं, खोका. त्या खोकल्या. यंत्र म्हणालं, हसा. त्या हसल्या. जोर करा. त्यांनी जोर केला.

बाहेर आल्या तेव्हा त्यांनी झग्याची मागची बाजू मुठीत धरली होती.

"काय झालं, ताई?"

"काही नाही."

"ताई."

"काही नाही म्हटलं ना!" मग त्या चारुशीलेच्या शेजारी बाकावर बसल्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मलाही होतं गं. वर्ष झालं. खोकला आला की. भिशीत म्हणूनच मी दाराजवळ बसते."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"शून्य पूर्णांक तीनवाल्या बाईनं सांगायचं?"

चारुशीलेनं त्यांचा हात धरला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, त्यात हे पहिल्यांदाच. सिस्टरनं आतून हाक मारली, "चौगुले! उज्ज्वला चौगुले!" दोघी एकदम उठल्या. मग उज्ज्वलाताई खाली बसल्या.

यंत्रात झोपताना चारुशीलेनं जानेवारी डोळ्यांसमोर आणला. पांढरी पँट, भरलेलं मैदान, आणि शेवटच्या मिनिटाची लांब शिट्टी, पोटातून काढलेली, कशाचाही विचार न करता. ती खोकली, हसली. तिनं जोर केला.

ठरल्याप्रमाणे सगळं झालं. त्या संध्याकाळी देशभरातल्या फोनांवर दिलगिरीचा संदेश गेला. तांत्रिक कारणामुळे विचलन चुकीचं दाखवलं गेलं होतं, आपण नियमात आहात. शोभाताईंनी घेतलेली तारीख रद्द झाली आणि त्या दोन दिवस खिन्न होत्या. सोमवारी रेणुकाची भिंत घातली गेली. उज्ज्वलाताई खोकल्याला गळत होत्या खऱ्या, पण थोड्याच. रेणुकाच्या हिशेबात तो स्वर्ग होता. महिन्याभरानं ती मैदानावर आली, कोरडी, आणि सगळ्यांच्या मधोमध बसली. बराच वेळ उठलीच नाही.

चारुशीलेचा आकडा मात्र त्या शुक्रवारीच आला होता. डॉ. बेडगकर चहाहून परतले, पडद्यासमोर स्टुलावर बसले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. आधीचे चौदा हे दोन वर्षांपूर्वीच्या उज्ज्वलाताईंपासून मोजलेले होते. आताच्या, सैल पडू लागलेल्या उज्ज्वलाताईंपासून मोजल्यावर नऊ पूर्णांक आठ भरले.

"दोन दशांशानं हुकलं," ते म्हणाले.

"आणखी एकदा घ्या."

"दिल्लीचा माणूस येईल."

"दुसऱ्या कुणाला तरी झोपवू माझ्या नावानं. तरुण."

"तिसऱ्यांदा हललं की येतो म्हणालो ना. आणि मॅडम, तुमच्या स्वतःच्या नावानंही आता येऊ नका. तुम्ही चारुशीला म्हणून आत झोपलात की पुन्हा सगळा देश सैल होईल. यापुढे चारुशीला म्हणून ताईंनाच पाठवा. तुम्ही चौगुले म्हणूनच या."

"त्यांना साखर आहे. मला त्यांच्या गोळ्या देतील."

"घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. नऊ वर्षांत त्यांनी दिलेला हा पहिला सल्ला होता जो पाळता येण्यासारखा होता.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चारुशीलेनं स्पर्धा समितीला घसा बसल्याचं कळवलं. अंतिम सामन्याला तिच्या जागी कोल्हापूरचे एक पंच आले. त्यांची शिट्टी साधारण होती. सामना तिनं घरी टीव्हीवर पाहिला, काळी पँट घालून. महावीर शेजारी बसला होता. एका फाऊलवर त्या पंचाची शिट्टी उशिरा वाजली, तेव्हा तो म्हणाला, "तू असतीस तर." ती म्हणाली, "टीव्ही बंद करा."

त्या शुक्रवारी निघताना डॉ. बेडगकरांनी तिला धीर दिला होता. "निराश होऊ नका, मॅडम. दोन दशांश म्हणजे काहीच नाही. पुढच्या वर्षी दोघी या. तोवर फरक वाढलेला असेल."

पुढच्या वर्षी तो नऊ पूर्णांक एक आला. उज्ज्वलाताई चारुशीलेपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या आहेत.